भिंगरीच्या बापाची सही

पासपोर्ट जेवणाच्या टेबलावरच ठेवायचे, हा हट्ट माईंचा. कपाटात ठेवले तर निघायच्या घाईत तिथेच राहतील आणि बंदरावरून हात हलवत परत यावं लागेल, असं त्यांचं म्हणणं. वर्षभरात त्यांची नजर फार अधू झाली होती. समोरच्या माणसाचा चेहरा जिथे असायचा तिथे नुसता काळपट डाग, आणि कडेकडेनं तेवढा उजेड. पण हाताला सगळं कळत होतं. कोपरे दुमडलेला तो अण्णांचा, गुळगुळीत तो स्वतःचा, कव्हर घातलेला तो सुनेचा. "डोळे पुरते मिटायच्या आत एकदा मला समुद्राच्या मध्ये नेऊन उभी करा," असं त्या मागच्या हिवाळ्यात सहज बोलून गेल्या होत्या. ते मनावर घेऊन दादाने अख्ख्या घरासाठी जहाजाची तिकिटं काढली. चार देशांची चार बंदरं, आणि तेच जहाज परत घरी.

वहिनी एकेक कागद पारदर्शक फोल्डरमध्ये घालत होती. व्हिसे, विमा, माईंसाठी डॉक्टरांचं पत्र. मध्येच तिने अण्णांचा पासपोर्ट उघडला.

"अण्णा, या फोटोत तुम्ही चोरी करताना सापडल्यासारखे दिसताय."

"तो फोटोवाला म्हणाला, हसू नका," अण्णा म्हणाले. "मी कुठे हसत होतो? चेहराच तसा आहे त्याला काय करू?"

माई हसल्या. घरात असं हसू बऱ्याच दिवसांनी फुटलं होतं. तेवढ्यात वहिनीचा फोन वाजला. तिकिटं काढून देणारी बाई होती. हात मोकळे नव्हते म्हणून वहिनीने स्पीकर लावला, आणि पुढचं सगळ्यांनीच ऐकलं.

"मॅडम, छोट्या मुलीच्या वडिलांचं संमतीपत्र अजून मिळालं नाही. आईवडील वेगळे राहत असतील तर कंपनी ते मागतेच. वकिलासमोर सही केलेलं हवं. त्याशिवाय मुलीला जहाजावर चढू देणार नाहीत. मी ताईंना महिन्यापूर्वीच सांगितलं होतं."

फोन बंद झाला. माईंना चेहरे दिसले नाहीत, पण सगळ्यांच्या माना कुणाकडे वळल्या ते कळलं.

"राहून गेलं," बेबी म्हणाली.

बेबीचं काही राहून जात नसे. ती फिजिओथेरपिस्ट होती. कुणाचा कुठला गुडघा कधी दुखला होता, हे तिला वर्षभरानंतरही आठवायचं. पस्तिशी उलटली तरी घरात ती बेबीच राहिली होती, आणि नवऱ्यापासून वेगळी होऊन मुलीला, भिंगरीला, घेऊन परत आल्यावर तर जास्तच.

"मग आता?" वहिनी म्हणाली. "जहाज उद्या दुपारी सुटणार."

"मी जातो मास्तरांकडे," दादा म्हणाला. "एका सहीचा तर प्रश्न आहे."

"दादा, थांब जरा," बेबी म्हणाली.

"थांबून कसं चालेल?"

त्या दोघांत काहीतरी बोलल्याविना बोललं गेलं. माईंनी ते ऐकलं, आणि टेबलाखाली हात नेऊन बेबीचा गुडघा घट्ट दाबला. त्यांना ठाऊक होतं. दादालाही होतं. आणि आठवड्यापूर्वी अण्णांच्या फोटोफ्रेमच्या दुकानात जाऊन, दोन चौकटींच्या मधल्या स्टुलावर बसून, बेबीने त्यांनाही सांगितलं होतं. घरातल्या मोठ्यांपैकी ज्याला ठाऊक नव्हतं असं माणूस एकच होतं, ते म्हणजे वहिनी.

"त्याला इथे घेऊन ये," अण्णा म्हणाले. "त्याच्या कामावर जाऊन कागद पुढे करायचा नाही. जावई होता तो आपला. चहा देऊ, बसवू, मग सही मागू."

*

तरणतलावाच्या दारात दादा बराच वेळ घुटमळला. आत पोरांचा कालवा चालला होता, आणि क्लोरीनचा तो वास. शिट्टी वाजली तशी पोरं काठाला येऊन चिकटली. मास्तर पाण्यात कमरेइतके उभे होते. एका रडव्या पोराच्या पाठीखाली हात धरून त्याला सांगत होते, "आभाळाकडे बघ. पाय सोड. मी धरलंय."

दादा या माणसाशी चार वर्षं बोलला नव्हता. शेवटचं बोलला होता ते हॉस्पिटलच्या व्हरांड्यात. भिंगरीच्या पाठचं बाळ, जेमतेम पावलं टाकायला लागलेलं, तापाने एका दुपारी गेलं. बेबी फोनवर फोन लावत होती, आणि मास्तर याच पाण्यात होते, फोन कपड्यांबरोबर लॉकरमध्ये. ओल्या केसांनिशी ते धावत पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. दादाने त्यांना दाराशीच अडवलं. "आता कशाला आलात?" म्हणाला. पुढे नवराबायको एका घरात राहिली खरी, पण थोडेच महिने.

मास्तर टॉवेल खांद्यावर टाकून आले. दादाने सांगितलं ते त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

"किती दिवस?"

"दहा."

"म्हणजे एकच रविवार चुकेल." कोर्टाने त्यांना रविवार दिले होते. "हरकत नाही. जहाज बघायचं होतंच तिला. मला विचारत होती, एवढं लोखंड तरंगतं कसं म्हणून."

"मग येताय ना? वकीलही बोलावलाय घरी."

"कपडे बदलतो."

गाडीत मास्तरांनी भिंगरीचंच सांगितलं. पाण्यात आता ती डोळे उघडे ठेवते. उलटी पोहते तेव्हा हात कसे लांबवते. दादाला 'हो, हो' एवढंच म्हणता येत होतं. हा सगळा बेत त्याने रचला होता. शेवटच्या बंदराच्या गावी बेबीला हॉस्पिटलात नोकरी त्यानेच ओळखीतून लावून दिली होती. तिच्या पासपोर्टात नोकरीचा व्हिसा होता, मुलीच्या पासपोर्टात नुसता पाहुणीचा. "एकदा उतरा तर खरं, पुढचं पुढे बघू," असं त्यानेच म्हटलं होतं. तेव्हा मास्तर म्हणजे कागदावरची एक अडचण होती. आता ती अडचण शेजारी बसून, ओल्या केसांचं पाणी सीटला लागू नये म्हणून मान पुढे काढून, मुलीचं कौतुक सांगत होती.

*

घर तसंच होतं. भिंतीवर अण्णांच्या दुकानातल्या चौकटी, ओळीनं. मास्तरांनी ठरवलं होतं की बघायचं नाही, तरी नजर गेलीच. बाळाचा फोटो खिडकीजवळ होता. बाकीच्या चौकटी जाड, नक्षीच्या. ही अगदी बारीक, साध्या लाकडाची. ती बनवताना अण्णांचे हात कसे चालले असतील, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते खुर्चीत बसले.

भिंगरी धावत आली. एका जागी कधी न बसणारी म्हणून हे नाव पडलं, पण हल्ली ती इतरांसमोर गप्पच असायची. बापाजवळ तेवढी फिरायची.

"बाबा, आज रविवार नाहीये!"

"नाहीये ना. तरी आलो. चालेल?"

तिने मान डोलावली आणि त्यांच्या गुडघ्याला रेलून उभी राहिली.

"चहा घ्या, मास्तर," वहिनीने कप पुढे केला. तिला त्यांच्याविषयी कधीच राग नव्हता. उलट इतक्या वर्षांनी ते घरात आले म्हणून तिचा जीव भांड्यात पडला होता, आणि असं झालं की तिचं बोलणं थांबत नसे. "तुम्हीच सांगा हो हिला काहीतरी. दहा दिवसांसाठी बेबीने अख्खं कपाट भरलंय बॅगेत. मुलीचे स्वेटर, शाळेचे दाखले, लसीकरणाचं कार्ड, सगळं. जहाजावर काय शाळा भरणारेय?"

दादा खिडकीपाशी गेला. माईंनी उगाचच पदर सारखा केला.

मास्तरांनी कप खाली ठेवला.

तळमजल्यावरचे वकीलकाका शिक्का आणि शाईची डबी घेऊन टेबलाशी बसले होते. त्यांनी कागद पुढे सरकवला. "सगळं लिहिलंय. आईबरोबर प्रवासाला आणि तारखेला परत यायला माझी हरकत नाही, एवढंच. वाचा आणि इथे करा सही."

मास्तरांनी पेन घेतलं. दोनदा वाचलं. मग भिंगरीला म्हणाले, "जा, माझ्यासाठी थंड पाणी आण. हळू चाल, सांडेल." ती आत गेल्यावर त्यांनी बेबीकडे बघितलं.

"परत आणणार ना तिला?"

"तारीख लिहिलीये ना त्यात."

"तारीख वाचली मी. तुला विचारतोय."

"काय हे मास्तर," दादा मध्ये पडला, "परतीची तिकिटं आहेत, दाखवू का?"

"नको." मास्तर अण्णांकडे वळले. वहिनी सोडली तर या घरात त्यांना वाईट बोललं नव्हतं ते एकाच माणसाने. कोर्टाच्या पायऱ्यांवरही अण्णा त्यांचा हात धरून उतरले होते. "अण्णा, तुम्ही सांगा. तुम्ही 'हो' म्हणालात की मी सही करतो. दुसरं काही बघत नाही."

अण्णांनी चष्मा काढला. पुसला, पण परत घातला नाही.

"अण्णा," बेबी म्हणाली. खूप हळू.

"नाही," अण्णा म्हणाले. "परत येणार नाहीत, मास्तर. ती तिथेच राहणार आहे. पोरीला घेऊन."

*

पुढचं बेबीला नंतर नीट आठवेना. दादाचा आवाज चढला, "अण्णा, तुम्हाला कळतंय का काय केलंत!" वहिनी मात्र दादावरच उलटली. "आणि मला का नाही सांगितलं? मी परकी? बारा वर्षं या घरात राबतेय, पोरीच्या वेण्या मी घालते, आणि मला बंदरावर कळणार होतं? का तेव्हाही नाही?" वकीलकाकांनी शिक्का हळूच खिशात टाकला आणि ते न सांगताच जिना उतरून गेले.

मास्तर ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते नुसते बसून होते.

"बोल ना," ती म्हणाली. "फसवी म्हण. म्हण काय म्हणायचं ते."

"का?" त्यांनी विचारलं. "एवढंच सांग."

"का म्हणजे?" तिचा आवाज फाटला. "मी रोज त्याच हॉस्पिटलात कामाला जाते. त्याच व्हरांड्यातून. लोकांचे हातपाय हलवून देते, आणि दर वेळी वर जाताना तो जिना येतो. बाजारात गेले तर ते दुकान येतं जिथून त्याचे बूट घेतले. बागेत गेले तर तो झोका. या गावात पाय ठेवायला जागा नाहीये मला. प्रत्येक ठिकाणी तो आहे."

"मलाही आहे," मास्तर म्हणाले. "म्हणून तर मी हलत नाही इथून."

एकाच लेकराचं एकच दुःख, आणि ते एकाला हाकलत होतं, दुसऱ्याला धरून ठेवत होतं. हे आधी कधी एकमेकांना सांगितलं असतं तर? पण ते सांगायचे दिवस त्यांनी एकमेकांकडे पाठ करून घालवले होते.

"त्या दिवसाचा राग तू माझ्यावर जन्मभर ठेव," मास्तर उठत म्हणाले. "माझा माझ्यावरही आहे. पण एक गेलं ते मी नसताना गेलं. दुसरी माझ्या सहीने जायची नाही."

भिंगरी पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरून दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. मास्तरांनी ग्लास घेतला, तिच्यासमोर सगळं पाणी प्यायले, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि गेले. कागद टेबलावर तसाच राहिला, कोरा कोपरा वर करून.

"मी नाही येत मग," माई एकदम म्हणाल्या. "कसला समुद्र न् कसलं काय. रद्द करा सगळं."

"माई, तू जायचंस," बेबी म्हणाली. "पुढच्या वर्षी तुला काय दिसणार आहे?"

एवढं कठोर ती माईंशी कधीच बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिने माईंच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहान पोरीसारखी हमसून रडली. माईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवत खालच्या आवाजात एवढंच विचारलं, "तू जातेयस ना पण? पोरीशिवाय?"

माईंना तळहाताखाली तिची पाठ ताठ झालेली कळली.

*

सकाळी अण्णा उठले तेव्हा वहिनी भिंगरीचे स्वेटर बॅगेतून काढून पुन्हा कपाटात लावत होती. सांगावं लागलं नाही.

"तीन महिने," बेबी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "तिथे जम बसवते, मग तिकडूनच वकील करते. ही नोकरी माझ्यासाठी थांबणार नाही, अण्णा. आणि आणखी एक वर्ष मी त्या जिन्याने चढले तर मीच राहणार नाही."

"मी थांबतो पोरीपाशी," अण्णा म्हणाले. "माझा पासपोर्ट काढून ठेव त्या फोल्डरातून."

दोघांनी खूप वेळ चहा ढवळला. शेवटी तिनेच विचारलं, "का सांगितलंत? तुम्हाला विश्वासाने सांगितलं होतं मी."

रात्रभर अण्णांनी याचं उत्तर शोधलं होतं. "त्याने मला विचारलं, म्हणून," असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटं नव्हतं. पण ते पूर्ण होतं का? नात लांब जाऊ नये, तिने संध्याकाळी दुकानात येऊन काचेवर फुंकर मारून बोटाने चित्रं काढावीत, हा लोभ त्या 'नाही'मध्ये नव्हता असं त्यांना छातीवर हात ठेवून सांगता येईना.

"ठाऊक नाही," ते म्हणाले. "खरंच ठाऊक नाही, बेबी."

"तुमच्यावर रागवायचं नाही असं ठरवलंय मी. पण जमत नाहीये."

"नको जमू दे. आत्ताच कशाला जमायला हवं."

बंदरावरच्या लांब शेडमध्ये रांगा होत्या. खिडकीमागच्या मुलीने पासपोर्ट एकेक करून उघडले, चेहरे ताडून पाहिले, व्हिसाच्या पानांवर बोट ठेवलं. मग वाकून भिंगरीकडे बघितलं. "आणि ही?"

"ती येत नाही," बेबी म्हणाली.

"अरेरे," मुलगी सवयीने म्हणाली, आणि पुढचा कागद मागितला.

दोरीच्या अलीकडे बेबी गुडघ्यांवर बसली. भिंगरीला तिने सगळं सांगितलं होतं, सकाळीच, काही न लपवता. आई कामाला जातेय, लांब, आणि तुला न्यायला येणार आहे. "दिवा चालू ठेवून झोप. आजोबांना त्रास देऊ नकोस. रविवारी बाबांबरोबर पोहायला जा." भिंगरी प्रत्येक गोष्टीला "बरं" म्हणाली. बेबीने तिला जवळ घेतलं ते सोडेचना, तेव्हा माई चाचपडत पुढे आल्या आणि लेकीचा दंड धरून तिला उठवलं. माईंना वाट दाखवायला कुणीतरी हवं होतं. बेबी त्यांचा हात धरून चालू लागली. कोण कुणाला नेतंय ते मागून सांगता आलं नसतं.

जहाजावरून दादाचे फोन यायचे. माईंना समुद्र दिसला. मधला डाग तेवढा सोडून चहूकडे निळं होतं, आणि त्या तासन् तास कठड्याशी उभ्या राहायच्या. लेक त्यांच्याजवळ असायची. मग चौथ्या बंदराच्या दिवशी फोन आला तेव्हा दादाने तो वहिनीकडे दिला, आणि वहिनी म्हणाली, "उतरली, अण्णा. आम्ही जहाजाच्या उतरायच्या दारापर्यंत गेलो होतो सोडायला. दोनदा परत फिरली, आणि मग गेली."

परतीच्या दिवशी मास्तर स्वतःहून बंदरावर आले. अण्णांना नमस्कार करून शेजारी उभे राहिले. भिंगरी दोघांच्या मध्ये. ती आजोबांना सकाळी एवढंच म्हणाली होती, "मी पण येते." आई त्या जहाजात नाही हे तिला ठाऊक होतं. दोन दिवसांपूर्वीच ती आईशी फोनवर बोलली होती, तिच्या नव्या खोलीला खिडकी आहे का, ते विचारलं होतं.

दार उघडलं. बॅगा ओढत, उन्हाने रापलेली, हसरी माणसं बाहेर यायला लागली. दादा दिसला, वहिनी दिसली, तिच्या दंडाला धरून माई. भिंगरी धावत गेली आणि माईंच्या कमरेला बिलगली. माईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, कपाळ, भुवया, गाल, आणि त्यांचे हात तिथेच राहिले. दादा मास्तरांसमोर येऊन थांबला. त्याने मान खाली घातली. मास्तरांनी त्याच्या हातातली जड बॅग घेतली.

"चला," अण्णा म्हणाले, पण कुणी हललं नाही.

भिंगरी माईंना धरूनच उभी होती, तोंड मात्र दाराकडे. दारातून माणसं येतच होती. मग कमी कमी होत गेली. एक म्हातारं जोडपं आलं, मग गणवेशातले खलाशी, मग एकटी एक बाई, तिच्याकडे भिंगरीने जरा जास्त वेळ बघितलं. आतले दिवे कुणीतरी घालवले. शेवटी पहारेकरी दार ओढून घ्यायला आला, आणि त्याने ते पुरतं लावून घेईपर्यंत ती बघत राहिली, आणि तिच्यामागे तिचं सगळं घर, एकमेकांकडे न बघता, उभं राहिलं.